नकार आणि निरुत्तर : डेटाबेस-संपर्कातील दोषसंदेशांची चिकित्सा

१

साहित्यचिकित्सेचे क्षेत्र काव्य, नाटक, कादंबरी इत्यादी मान्य प्रकारांपुरते मर्यादित ठेवण्याची रूढी जुनी आहे. परंतु ज्या लेखनाने माणसाचे पुढील आचरण ठरते, ते सर्वच लेखन चिकित्सेस पात्र आहे. मग ते तीन शब्दांचे का असेना. सनदा, महजर, निवाडे यांची चिकित्सा इतिहाससंशोधक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. संगणकाच्या पडद्यावर उमटणारा दोषसंदेश हा त्याच जातीचा लेख होय. त्याला वक्ता आहे, श्रोता आहे, आणि वक्त्याने काय सांगितले याबरोबरच काय सांगण्याचे टाळले हाही प्रश्न त्याच्या बाबतीत उत्पन्न होतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा हे तालुक्याचे गाव घ्यावे. मुंबई-गोवा महामार्गावरील या गावी भांबेड वा प्रभानवल्लीकडील शेतकरी सकाळच्या एस.टी.ने उतरतो. पीककर्जासाठी, वारसनोंदीसाठी अथवा वाटपाच्या कामी त्यास सात-बाराचा उतारा हवा असतो. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरातून हाताने उतरवून मिळे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, आणि कागदाचे दप्तर व शेतकरी यांच्यामध्ये डेटाबेस नावाचे नवे दप्तर उभे राहिले. या दप्तराच्या सोयी निर्विवाद आहेत. परंतु एखाद्या दिवशी उतारा निघत नाही, आणि खिडकी कोणतीही असो, पलीकडून उत्तर येते, ‘सर्व्हर डाउन आहे.’

प्रस्तुत विवेचनाचा विषय हे तीन शब्दांचे वाक्य आणि त्याच्या पाठीमागे दडलेले मूळ लेख हा आहे. हे वाक्य बहुधा असत्य असते. ते बोलणारा असत्यवादी असतो असे मात्र नव्हे. त्याच्या हाती आलेला पाठच भ्रष्ट असतो. या भ्रष्टतेचे मूळ दोन भिन्न गोष्टी एक मानण्यात आहे. पलीकडून उत्तरच न येणे ही एक गोष्ट. उत्तर येऊन ते नकाराचे असणे ही दुसरी. पहिलीस निरुत्तर म्हणावे, दुसरीस नकार. या दोहोंतील भेद ज्यास दिसत नाही त्यास दोषाचे निदान करता येत नाही, आणि ज्या संदेशातून हा भेद पुसला गेला आहे तो संदेश लेखन म्हणून सदोष होय.

२

प्रथम प्रसंगाची मांडणी पाहिली पाहिजे. खिडकीवरील संगणकात चालणारा कार्यक्रम डेटाबेसशी स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने ‘ड्रायव्हर’ नावाचा एक लहान कार्यक्रम बोलतो. लांज्याच्या एस.टी. स्थानकावर या शब्दाचा अर्थ निराळा आहे, आणि डेटाबेसच्या संदर्भातही तो शब्द फारसा समर्पक नाही. या ड्रायव्हरचे काम पेशवाईतील दरबारी वकिलाचे आहे. परक्या दरबाराचा पत्ता, तेथील भाषा व तेथील रिवाज त्यास ठाऊक असतात. धन्याचे म्हणणे तो तेथे मांडतो आणि तेथील उत्तर धन्यास कळवितो. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये पुढे आणलेली ओडीबीसी आणि १९९७ मध्ये जावा भाषेबरोबर आलेली जेडीबीसी या अशा वकिलांसाठी घालून दिलेल्या सर्वसाधारण रीती होत.

या वकिलास दरबारात पोहोचेपर्यंत पाच पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीवर वकील स्वतः उपस्थित असला पाहिजे. दुसरीवर दरबाराचा पत्ता लागला पाहिजे. तिसरीवर दार उघडे मिळाले पाहिजे. चौथीवर ओळख पटली पाहिजे. पाचवीवर, ओळख पटलेल्या मनुष्यास ते विशिष्ट दप्तर पाहण्याचा अधिकार असला पाहिजे. पहिल्या तीन पायऱ्यांवरील अपयश हे बहुतांशी निरुत्तराच्या जातीचे, शेवटच्या दोहोंवरील नकाराच्या जातीचे.

एसक्यूएल या प्रश्नभाषेच्या १९९२ च्या प्रमाणग्रंथात हा भेद स्पष्टपणे मान्य केलेला आहे, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेतली पाहिजे. तेथे प्रत्येक दोषास पाच अक्षरांची एक खूण दिलेली असून तिची पहिली दोन अक्षरे दोषाचा वर्ग सांगतात. संपर्कदोषांचा वर्ग ०८. ओळखीच्या दोषांचा वर्ग २८. ओडीबीसीमध्ये ०८००१ म्हणजे संपर्क जुळलाच नाही, २८००० म्हणजे सादर केलेली ओळख मान्य झाली नाही. वकीलच हजर नसेल, म्हणजे सांगितलेल्या नावाचा ड्रायव्हर वा त्याची नोंद यंत्रावर सापडत नसेल, तर आयएम००२ ही तिसरीच खूण येते. ड्रायव्हर ३२ बिटांचा आणि कार्यक्रम ६४ बिटांचा अशी विजोड जोडी पडल्यास आयएम०१४ ही चौथी. तात्पर्य, ज्या दोषास खिडकीवर एकच नाव आहे त्यास शास्त्रात निरनिराळी नावे आहेत. पाच अक्षरांच्या या खुणेतील पहिली दोन अक्षरे वाचणे हे दोषचिकित्सेचे प्रथम कर्तव्य होय, आणि बहुतेक वेळा तेच टाळले जाते.

३

निरुत्तराच्या वर्गातही अर्थच्छटा आहेत. ठरलेल्या दारावर हाक दिली असता ‘येथे कोणी राहत नाही’ असे तत्काळ कळणे आणि कितीही वेळ थांबून काहीच न ऐकू येणे, या दोन अनुभवांत फार अंतर आहे. पहिल्या प्रसंगी निदान यंत्र जिवंत असते; त्या दारामागे डेटाबेस चालू नाही, किंवा तो दुसऱ्या दाराने ऐकत आहे, एवढेच निष्पन्न होते. दुसऱ्या प्रसंगी हाक वाटेतच गडप झालेली असते. वाटेवरील एखादी संरक्षक भिंत ती मुकाट्याने गिळीत असते, किंवा रस्ताच तुटलेला असतो. संदेशांची भाषाही वेगळी असते. पहिल्यात संपर्क ‘नाकारला गेला’ असे शब्द येतात, दुसऱ्यात ‘मुदत संपली’ असे. येथे एक भाषिक सापळा आहे. पहिल्या संदेशातील ‘नाकारला’ हा शब्द वाचून नवशिका परवलीचा शब्द बदलावयास धावतो. वस्तुतः परवलीचा शब्द अद्याप कोणी विचारलेलाही नसतो. तो नकार डेटाबेसचा नसून रिकाम्या घराचा असतो.

या बाबतीत ओरॅकलचे संदेश अभ्यासनीय आहेत. ओआरए-१२१५४ म्हणतो की दिलेल्या नावावरून पत्ताच लावता आला नाही. हा दोष बहुधा धन्याच्या स्वतःच्या पत्त्याच्या वहीतील असतो. दरबाराचा त्याच्याशी संबंध नाही. ओआरए-१२५४१ म्हणतो की पत्ता लागला, परंतु दारावर ऐकणारा कोणी नाही. ओआरए-१२५१४ म्हणतो की दारावर देवडीवाला आहे, पण मागितलेल्या दप्तराचे नाव त्यास ठाऊक नाही. ओआरए-०१०१७ म्हणतो की नाव वा परवलीचा शब्द मान्य नाही. या चार वाक्यांत एक पूर्ण प्रवासवर्णन सामावले आहे. प्रत्येक संदेश केवळ अपयश सांगत नाही. त्याच्या अलीकडील सर्व पायऱ्या यशस्वी झाल्याचीही ग्वाही देतो. ओआरए-०१०१७ वाचणाऱ्याने पत्ता, तार आणि दार यांविषयी पुन्हा शंका घेण्याचे सहसा कारण नाही. दोषसंदेशातून असा विधायक अर्थ काढता येणे हे सूक्ष्म वाचनाचे फळ होय.

४

आता नकाराच्या वर्गाकडे वळावे. येथील संदेशांवर नेहमीचा आक्षेप असा की ते अपुरे आहेत. आक्षेप खरा आहे. परंतु हे अपुरेपण अज्ञानाचे नसून हेतुपूर्वक आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ हा संदेश अमुक नावाने प्रवेश होऊ शकला नाही एवढेच सांगतो, आणि त्यासोबत येणारा अवस्थांक बाहेरच्या माणसास नेहमी १ असाच दिसतो. त्याच क्षणी डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत मात्र खरा अंक लिहिला जातो. तो ५ असेल तर त्या नावाचे खातेच नाही, ८ असेल तर परवलीचा शब्द चुकला, ५८ असेल तर त्या पद्धतीने ओळख स्वीकारण्याची व्यवस्थाच तेथे चालू नाही. पोस्टग्रेसचीही रीत तशीच आहे. नाव अस्तित्वात नसले आणि परवलीचा शब्द चुकला, तरी दारावर उत्तर एकच. तपशील आतल्या वहीत.

यामागील विचार रास्त आहे. ‘नाव बरोबर, शब्द चूक’ असे जो देवडीवाला सांगतो तो चोरास अर्धी किल्ली देतो. म्हणून एकाच घटनेचे दोन पाठ सिद्ध केले जातात, एक बाहेरच्यासाठी संक्षिप्त आणि एक अधिकाऱ्यासाठी विस्तृत. पाठचिकित्सेचा ज्यास परिचय आहे त्यास या स्थितीत नवल वाटणार नाही. प्रत्यक्षात पाठ दोनच राहत नाहीत. डेटाबेसच्या वहीतील लेख हा मूळ पाठ. ड्रायव्हरने धन्यास कळविलेला संदेश ही पहिली नक्कल. कार्यक्रमाच्या कर्त्याने त्यावर चढविलेले ‘काही तांत्रिक अडचण उद्भवली आहे’ हे वेष्टण ही दुसरी नक्कल. आणि खिडकीवरील ‘सर्व्हर डाउन आहे’ ही तिसरी. प्रत्येक नकलेत थोडा अर्थ गळतो आणि भाषा मात्र अधिक गुळगुळीत होते. जुन्या पोथ्यांच्या बाबतीत संपादक सुबोध पाठापेक्षा दुर्बोध पाठास अधिक प्रमाण मानतात, कारण नक्कलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. तोच दंडक येथे लागू पडतो. अंकांनी व खुणांनी भरलेला ओबडधोबड संदेश हा विनयशील वाक्यापेक्षा अधिक विश्वसनीय समजावा, आणि शक्य तेथे नकलांकडून मूळ वहीकडे जावे.

टीका करावयाची ती संक्षेपावर नव्हे, तर संक्षेपाच्या अस्थानी प्रयोगावर. ओळखीच्या पायरीवर मौन हे भूषण आहे. पत्त्याच्या आणि दाराच्या पायरीवर त्याच मौनाने कोणाचेही रक्षण होत नाही. केवळ प्रामाणिक माणसाची दिशाभूल होते. मौनाचा हा विवेक ज्या कार्यक्रमकर्त्यांनी पाळला नाही आणि सर्व पायऱ्यांवर एकच बुरखा घातला, त्यांनी सुरक्षिततेच्या नावाखाली आळस केला असे म्हणावे लागेल.

५

याहून अवघड प्रकार म्हणजे वक्ता प्रामाणिक असूनही संदेश फसवा ठरणे. येथे परवलीचा शब्द अचूक असतो आणि तरीही नकार मिळतो. मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीने २०१८ मध्ये ओळख पटविण्याची मूळ पद्धत बदलली. जुने ड्रायव्हर ती पद्धत जाणत नव्हते. परिणामी, कालपर्यंत चालणारे कार्यक्रम नव्या डेटाबेससमोर अडले. पोस्टग्रेसने २०१७ मध्ये स्क्रॅम ही पद्धत आणली व २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून तीच मूळ पद्धत केली. तेथेही जुन्या ड्रायव्हरांची तीच गत झाली. दरबाराचा रिवाज बदलला आणि वकील जुन्याच रिवाजाने मुजरा करीत राहिला, असे हे प्रकरण आहे. येथे शब्द बदलून उपयोग नाही. वकील बदलला पाहिजे.

मायएसक्यूएलमध्ये खाते हे केवळ नावाने ठरत नाही, नाव व यंत्र या जोडीने ठरते. एकाच नावाचा मनुष्य लांज्याहून आला तर एक आणि रत्नागिरीहून आला तर दुसरा, असा हा न्याय. म्हणून त्याच्या १०४५ या संदेशात नावापुढे यंत्रही छापलेले असते, आणि परवलीचा शब्द पाठविला गेला होता की नाही याचीही नोंद कंसात असते. तेथे ‘नाही’ असे असल्यास शब्द चुकलेला नसून तो वाटेत कोठेतरी गळला, हे तत्काळ उघड होते. दोषसंदेशांच्या वाङ्मयात हा एक चांगला नमुना मानावयास हरकत नाही. गुपित न फोडताही निदानास उपयोगी अशी वस्तू त्याने दिली आहे.

उलट प्रकारही घडतो. संपर्काचा पत्ता एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीत नाव, परवलीचा शब्द व यंत्र यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह सीमेसारखे येते. परवलीच्या शब्दातच ते चिन्ह असेल आणि ते योग्य रीतीने झाकले नसेल, तर काही ड्रायव्हर सीमा चुकीच्या जागी मानतात आणि शब्दाचा उरलेला भाग यंत्राचे नाव समजून शोधू लागतात. संदेश येतो तो पत्ता न लागल्याचा. दोष असतो परवलीच्या शब्दाच्या लेखनाचा. विरामचिन्हाने अर्थ बदलल्याची उदाहरणे व्याकरणात पुष्कळ आहेत. त्यांत याचीही भर घालावी. त्याचप्रमाणे कर्बेरॉस या पद्धतीत दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले तर ओळख अमान्य होते. तेथे नाव खरे, शब्द खरा, केवळ वेळ खोटी.

६

दोष समजला नाही म्हणजे उपायही आंधळे होतात, आणि आंधळे उपाय प्रायः पहारा उठविण्याचे असतात. लांजा तालुक्यातील माचाळ येथे मुचकुंद ऋषींची म्हणून दाखविली जाणारी गुहा आहे. मुचकुंदी नदीचे नावही त्यांच्यावरूनच पडलेले. लोकपरंपरेतील कथा अशी की पाठलाग करणाऱ्या कालयवनास चुकवून श्रीकृष्ण या गुहेत शिरला व निद्रिस्त मुचकुंदाच्या अंगावर आपला शेला टाकून बाजूस झाला. कालयवनाने शेला पाहिला, हाच कृष्ण असे मानले, लाथ मारली, आणि जागृत झालेल्या मुचकुंदाच्या दृष्टीने तो भस्म झाला. ठिकाण बरोबर, वस्त्र बरोबर, मनुष्य निराळा. ड्रायव्हर ज्या यंत्राशी बोलतो ते खरोखर तेच आहे काय, हे तपासण्यासाठी प्रमाणपत्राची योजना असते. एसक्यूएल सर्व्हरच्या ओडीबीसी ड्रायव्हरची अठरावी आवृत्ती २०२२ मध्ये आली, तेव्हापासून संपर्क गुप्तलिपीत असणे हा मूळ नियम झाला आणि अविश्वसनीय प्रमाणपत्राचे दोष सर्वत्र दिसू लागले. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ‘कोणतेही प्रमाणपत्र मान्य करावे’ अशी एक ओळ जोडणे. हा कालयवनाचा मार्ग आहे. दोष नाहीसा होतो तो तपासणी नाहीशी झाल्यामुळे.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. सदाशिवरावभाऊंचा तोतया रत्नागिरीस कैदेत होता. रामचंद्र नाईक परांजपे या तेथील अधिकाऱ्याने त्यास खरा भाऊ मानून मोकळे केले, आणि १७७६ मध्ये कोकणात मोठे बंड उभे राहिले. न. चिं. केळकर यांच्या ‘तोतयाचे बंड’ या १९१३ च्या नाटकामुळे हा प्रसंग मराठी वाचकास सुपरिचित आहे. तोतयाचे बळ त्याच्या सोंगात होते त्याहून अधिक दारावरील माणसाच्या विश्वासात होते. पोस्टग्रेसच्या प्रवेशनियमांच्या फायलीत विश्वासाचा एक शब्द लिहिला की परवलीचा शब्द न विचारता कोणासही कोणत्याही नावाने आत घेतले जाते. नियम वरून खाली वाचले जातात व जुळणारा पहिलाच लागू होतो. म्हणून घाईने सर्वांत वर लिहिलेली अशी ओळ खालचे सर्व कडक नियम निष्फळ करते. काम तात्पुरते भागते, ओळ मात्र कायमची राहते.

या दोन कथांतून ओळखीचा पूर्ण व्यवहार लक्षात येतो. आगंतुकाने दरबारास आपली खूण पटविली पाहिजे आणि दरबारानेही आगंतुकास. स्क्रॅम पद्धतीत परवलीचा शब्द तारेवरून पाठविलाच जात नाही. तो माहीत असल्याचा पुरावा आगंतुक देतो, आणि उलट दरबारही आपणापाशी त्या खात्याची खरी नोंद असल्याचा पुरावा देतो. दोषनिवारणाचा जो उपाय या दोहोंपैकी एक बाजू रद्द करतो तो उपाय नव्हे.

७

शेवटी मराठीचा प्रश्न. इंग्रजी संदेशांची जी मराठी रूपे प्रचारात आली आहेत त्यांत ‘अवैध’ या शब्दाचा सुळसुळाट आहे. अवैध नाव, अवैध परवलीचा शब्द, अवैध प्रवेश. मराठीत ‘अवैध’ म्हणजे कायद्याविरुद्ध. अवैध दारू, अवैध वाळूउपसा अशा संगतीत तो शब्द वावरतो. बोट चुकून एक अक्षर निराळे पडलेल्या कारकुनावर हा आरोप ठेवणे भाषेच्या व न्यायाच्या दोन्ही दृष्टींनी अनुचित आहे. दुसऱ्या टोकास ‘सर्व्हर डाउन’ हे निर्गुण निराकार वाक्य. एकात वाचकावर अकारण ठपका, दुसऱ्यात दोष कोणाचाच नाही.

वस्तुतः या व्यवहारासाठी मराठीत साधे व अचूक शब्द उपलब्ध आहेत. पत्ता लागला नाही. दार बंद आहे. उत्तर आले नाही. ओळख पटली नाही. ओळख पटली, पण अधिकार नाही. या पाच वाक्यांत पायऱ्यांचा क्रम राखला जातो, कोणतेही गुपित फुटत नाही, आणि ‘ओळख पटली नाही’ यात नाव चुकले की शब्द चुकला हे आवश्यक मौनही पाळले जाते. प्रत्येक वाक्यासोबत मूळ वहीतील नोंदीचा क्रमांक दिला, म्हणजे नकलेकडून मूळ पाठाकडे जाण्याचा मार्गही खुला राहतो.

असा आक्षेप घेतला जाईल की उताऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्यास या भेदाशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. उत्तर आले नसेल तर तासाभराने पुन्हा पाहता येते. दार बंद असेल तर ते त्या दिवशी उघडेल की नाही याची चौकशी करता येते. खिडकीवरील माणसाचीच ओळख पटत नसेल तर शेजारच्या खिडकीवरून तोच उतारा त्याच क्षणी मिळू शकतो. दप्तर सुस्थितीत असते. ‘सर्व्हर डाउन आहे’ या वाक्याने या सर्व शक्यता एकदम मिटतात आणि भांबेडचा मनुष्य दुपारच्या गाडीने रिकाम्या हाताने परततो. त्याचा गेलेला दिवस हा या संदेशाच्या भाषेचा परिणाम आहे, आणि त्या भाषेचे मूल्यमापन याच परिणामावरून झाले पाहिजे.